शनिवारी सांगायची गोष्ट

आमच्या धर्मात शनिवारी लिहायला बंदी आहे, सांगायला नाही. या एवढ्या सवलतीवर मी आणि माझ्या थोरल्या भावाने एक अख्खा सिनेमा रचला. तो पडद्यावर आला नाही. त्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही, कारण त्यात वाईट वाटण्यासारखं दुसरंच काही होतं.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे कोकणातले यहुदी. वडील रेल्वेत लागले, खानदेशात आले आणि इथलेच झाले. जळगावात आम्ही नेमके कोण हे फारसं कुणाला ठाऊक नसे. आमची नावं ऐकून कुणी ख्रिस्ती समजे, मटणाबद्दलचे नियम ऐकून कुणी मुसलमान, आणि आईचं नऊवारी लुगडं आणि मंगळसूत्र पाहिल्यावर दोघंही गोंधळून गप्प बसत. आमचे घरमालक जैन होते. त्यांना एवढंच माहीत होतं की या घरात शनिवारी चूल पेटत नाही, आणि तेवढ्यावर ते आम्हाला सज्जन समजत.

साठचं दशक संपत आलं होतं. मी जळगावात मुलींच्या शाळेत शिकवत होते, आईजवळ राहत होते, लग्न केलं नव्हतं. भाऊ बायको-मुलींसह धुळ्याला, स्टेशनवर पार्सल क्लार्क. इतरांचे रविवार स्वतः भरून काढून त्याने शनिवारची सुट्टी मिळवली होती. महिन्यातून दोनदा शुक्रवारी दुपारी तो धुळ्याहून निघे, चाळीसगावला गाडी बदले आणि सूर्य बुडायच्या आत घरी पोचे. मी काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून वात लावी. आमचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो; तिथून पुढे दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत प्रवास नाही, विस्तव नाही, लेखणी नाही. आणि आम्हाला दोघांना मिळून असलेला वेळ नेमका तोच.

म्हणून भाऊ खाटेवर आडवा पडून प्रवेश सांगे आणि मी उंबऱ्याशी बसून ऐके. मध्येच मी त्याचं वाक्य मोडून माझं घाली. एक प्रवेश जमला की ताटलीत एक चिंचोका टाकायचा. हेही लिहिणंच झालं की काय यावर भाऊने एकदा अर्धा दिवस घालवला होता. संध्याकाळी तीन चांदण्या दिसल्या की तो प्रार्थना म्हणे, शनिवार संपल्याची खूण म्हणून आम्ही सब्जाची पानं हुंगत असू आणि मग मी कागद पुढे ओढी. चिंचोका उचलायचा, प्रवेश आठवायचा, उतरवायचा. दुपारी झकास वाटलेलं वाक्य कंदिलाच्या उजेडात पार पडेल दिसे. मग भाऊ म्हणे, असं मी म्हणालोच नव्हतो. आणि मी म्हणे, अगदी असंच म्हणालास.

सिनेमा करायचं खूळ आमचं नव्हतं, एका शेठजींचं होतं. त्यांची सरकी काढायची जिनिंग होती आणि एक-दोन मराठी चित्रपटांत त्यांनी पैसा घातला होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही लिहिलेली एकांकिका त्यांनी पाहिली आणि मला निरोप पाठवला, की बाई, कुणी केली नाही अशी ष्टोरी द्या. अशी गोष्ट आमच्याजवळ एकच होती, आमची.

ती सुरू होत होती कोकणच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजापासून. वाचलेली मोजकी जोडपी, मग तेलाचे घाणे, मग शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोकांनी दिलेलं 'शनवार तेली' हे नाव. पुढे अनेक पिढ्यांनी अशाच एका तेल्याचा नातू रेल्वेबरोबर खानदेशात येतो. तो आमचा नायक. शेठजींना जहाज फार आवडलं. फक्त ते समुद्रात न फोडता भडगावला गिरणा नदीच्या पात्रात फोडता येईल का, तिथे त्यांची ओळख होती, असं त्यांनी विचारलं. पावसाळ्यात पाणी भरपूर असतं म्हणाले.

"पण इंटर्व्हलला काय?" ते पुढे म्हणाले. "बाई, तुमच्या लोकांवर इथं कुणी जुलूम केला असेल ना? घर जाळलं, गावातून काढलं, असं काही?"

"नाही," मी म्हटलं.

"कधीच नाही?"

"कधीच नाही. कुणी बोटही लावलं नाही."

शेठजींचा चेहरा पडला. एवढ्या जुन्या लोकांनी एवढासा छळसुद्धा जमवू नये याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. गोष्टीत शेवटी नायक देश सोडून इस्रायलला जायला निघतो असं आम्ही ठरवलं होतं. त्यावर ते म्हणाले, "आमचे आजोबा मारवाडातून पोटासाठी आले. तुमच्या हिरोला तर सरकारी नोकरी आहे. कुणी हाकललं नाही, उपाशी ठेवलं नाही, मग जातो कशाला? पब्लिक विचारणार."

पब्लिकचं सोडा, मीच विचारत होते. कारण भाऊचं जाणं ठरलं होतं. गोष्टीतल्या नायकाच्या आधी त्याने स्वतःचे कागद भरले होते. मला तो जायला नको होता. हे मी त्याला सरळ कधी म्हणाले नाही. सरळ बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. पण गोष्टीत मी नायकाला अडवायला लागले. आईसाठी थांबव, नोकरीसाठी थांबव, शेतातल्या विहिरीला पाणी लागलंय म्हणून थांबव. नायक थांबला तर भाऊ थांबेल, असं मी धरून चालले होते. शिकलेली बाई होते, तरी धरून चालले होते.

त्याच पावसाळ्यात आई गेली. भाऊ धुळ्याहून आला. मृतासाठीची आमची कद्दिशची प्रार्थना म्हणायला आमच्यातले दहा पुरुष लागतात. जळगाव-भुसावळ मिळून पाच झाले. नांदगावहून दोघे पॅसेंजरने आले. उरलेले जे होते ते आधीच देश सोडून गेले होते. गल्ली भरून माणसं होती. घरमालक अनवाणी उभे होते, पलीकडचे अत्तरवाले चाचा होते, शेठजींनी मोटार पाठवली होती, आणि तरी दहा होत नव्हते. भाऊने माणसं पुन्हा पुन्हा पाहिली आणि मग प्रार्थना न म्हणताच आईला भुसावळला नेऊन पुरलं. कुणाचीच चूक नव्हती.

काही आठवड्यांनी मी म्हटलं, हा प्रवेश इंटर्व्हलला घालू या. शेठजींना हवं ते मिळेल. भाऊ खाटेवर उठून बसला.

"यात दुष्ट कोण?" तो म्हणाला. "गल्ली? चाचा? शेठ?"

मी हातातला चिंचोका ताटलीवर धरून ठेवला.

"मुलींची लग्नं करायची आहेत मला. आणि उद्या मी मेलो तर सात माणसांत पुरून टाकशील." एवढं बोलून तो परत आडवा झाला. तो प्रवेश ताटलीत पडला नाही.

त्याची शेवटची खेप दिवाळीनंतर झाली. बायको-मुली पुढे मुंबईला बायकोच्या माहेरी गेल्या होत्या. शनिवारी रात्रीच्या मेलने तो निघणार आणि त्या आठवड्यात विमान. सामान शुक्रवारीच बांधून झालं होतं, कारण शनिवारी बांधता येत नाही. त्यामुळे जायच्या दिवशी आम्हाला अख्खा दिवस काहीच काम नव्हतं. सकाळी भडगावकडची शेजारीण दारात उभी राहून मला म्हणाली, "अक्का, भाऊले कसाले जाऊ देतस? आठे काय कमी शे?" इथे काय कमी आहे, हे तिला काय सांगणार? मी तिला बसायला पाट दिला. ती बसली नाही, डोळे पुसत गेली.

दुपारी भाऊ छताकडे बघत म्हणाला, "शेवट सुचलाय. ऐक."

नायक मुंबईला निघतो. सगळी गल्ली स्टेशनवर येते. गाडी पॅसेंजर.

"विमान पकडायचंय आणि पॅसेंजरने जातो?" मी म्हटलं.

"पुढे ऐक. शुक्रवार आहे."

"आपला माणूस शुक्रवारचा निघेल? एवढा वेडा?"

"सकाळची गाडी आहे. लेट झाली. रेल्वेचा माणूस आहे मी, गाडी लेट करणं माझ्या हातात." तो स्वतःशीच हसला. मग सांगत गेला. शिरसोली, म्हसावद, माहेजी. गाडी रखडतेय, उन्हं उतरतायत. पाचोऱ्याला गाडी थांबते तेव्हा सूर्य केळीच्या बागांवर टेकलेला असतो. नायक घड्याळ बघत नाही, आकाश बघतो. शनिवार लागणार. आता प्रवास करायचा नाही. तो ट्रंक घेऊन फलाटावर उतरतो. लोक ओरडतात, अहो, गाडी सुटली. तो ट्रंकेवर बसतो. गाडी जाते. शनिवार तो तिथेच काढतो, कुणीतरी ओळखीचं भाकरी आणून देतं. आणि रविवारी पहाटेच्या पॅसेंजरने तो परत जळगावला येतो, दार उघडतो आणि बहिणीला म्हणतो, चहा टाक.

मी फार खूश झाले. शेठजींच्या प्रश्नाचं तोंडच त्याने फिरवलं होतं. ज्या नियमाने आम्ही वेगळे, त्याच नियमाने त्याला इथे थांबवलं होतं. मी ताटलीत चिंचोका टाकला. भाऊने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "घे, तुला हवा होता ना शेवट." तेव्हा मला वाटलं, तो थांबणार. खरोखर वाटलं. संध्याकाळपर्यंत मी उड्या मारायचंच काय ते बाकी होतं.

चांदण्या दिसल्या. सब्जा हुंगून झाला. मी कागद काढायला उठले तर भाऊ म्हणाला, आता वेळ नाही, टांगा आलाय.

स्टेशनवर सगळी गल्ली होती. शेजारणीने यावलची केळी आणली होती. "ल्या भाऊ, वाटमा खावाले व्हतीन," म्हणून तिने ती खिडकीतून आत दिली. चाचांनी अत्तराची कुपी दिली. मेल आली. भाऊ दारात उभा राहिला. मी हसत हसतच म्हटलं, कारण इतक्या लोकांत दुसरं कसं म्हणणार, "पाचोऱ्याला उतरून पाणी भरून घे."

तोही हसला. मग त्याने हसणं थांबवलं. "अगं," तो म्हणाला, "मेल पाचोऱ्याला थांबत नाही."

हे त्याला दुपारीही माहीत होतं. तिकीट त्यानेच काढलं होतं.

मी तो शेवट लिहिला नाही. शेठजींनी दोनदा विचारलं आणि मग पैसा तेलाच्या गिरणीत घातला. भाऊ तिकडे रमला, मुलींची लग्नं झाली, आणि दहा माणसांची त्याला कधी ददात पडली नाही. त्याच्यावर माझा राग आहे, तो मी टाकलेला नाही. मुंबईला जायचं झालं तर मी अजून पॅसेंजरनेच जाते. पाचोऱ्याला ती बराच वेळ उभी असते.