आतोबांचा सूर

जगातल्या कोणत्याही माणसाला धावायला शिकवता येते, असे मनापासून मानणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझे दुर्दैव असे की तो माझ्या आत्याचाच नवरा निघाला. आतोबा ठाण्याच्या कचेरीत कारकून होते, कोपरीला राहत, आणि साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना ते मोठे सज्जन वाटत. ते सज्जन होतेच. पण आट्यापाट्यांचा विषय निघाला की त्यांच्यातला कारकून उठून जाई, आणि मागे जो उरे त्याला आवरणे आत्यालाही जमत नसे. बाजारातून ते कधी सरळ चालत आले नाहीत. समोरून कोणी आले की डावीकडे जातो असे दाखवून उजवीकडून निसटायचे, ही त्यांची रीत. एकदा कचेरीच्या दारात खुद्द मामलेदारांना त्यांनी अशी हुलकावणी दिली की मामलेदार चौकटीवर जाऊन आपटले. लग्नाच्या पंगतीत तर त्यांना ओळीओळीतून पाट्याच दिसत. "भातवाल्याला जाऊ द्या रे, तूपवाल्याची कोंडी करा!" असे ते पानावरून ओरडत, आणि वधूचा बाप बिचारा तूपवाल्याच्या मागे धावे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मैदानात एकामागे एक आडव्या पाट्या आखतात. प्रत्येक पाटीवर एकेक गडी उभा राहतो आणि पलीकडे जाऊ पाहणाऱ्यांना अडवतो. त्याने आपली पाटी सोडायची नाही. या सगळ्यांच्या मधून एक उभी पाटी जाते, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरण्याची मुभा एकालाच असते. तो सूर. त्याने सगळे मैदान डोळ्यांत ठेवायचे, कोणाला कुठे कोंडायचे ते ठरवायचे आणि आपल्या गड्यांना आवाज द्यायचा. साऱ्या पाट्या ओलांडून जो परत येतो तो "लोण!" म्हणून ओरडतो. लोण म्हणजे मीठ. टिटवाळ्याच्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीतून आतोबा गाभाऱ्यापर्यंत जाऊन बाहेर आले ते याच आरोळीने. गुरव म्हणाला, "अहो, मीठ वाण्याकडे मागा, इथं प्रसाद मिळतो."

तरुणपणी आतोबा स्वतः ठाण्याचे सूर होते. गुडघा दुखावल्यावर त्यांचा खेळ सुटला, आणि तेव्हापासून शिमग्यातल्या सामन्यात ठाणेकर दरवर्षी कल्याणकरांकडून मार खाऊन येत. आतोबांना मूलबाळ नव्हते. आपल्या हातचा एक सूर कल्याणच्या मैदानात उभा राहिलेला पाहायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती. त्यासाठी त्यांनी सगळे ठाणे सोडून मला निवडले. कारण असे घडले की एकदा तलावाजवळ समोरून बैलगाडी आली, मागून पाणक्या आला, बाजूने एक बाई फुलांची परडी घेऊन आली, आणि मी घाबरून रस्त्याच्या मधोमध जो थिजलो तो हललोच नाही. गाडी थांबली, पाणक्याची कावड सांडली, बाई मागे सरली. सगळ्यांनी मला यथेच्छ शिव्या दिल्या. पलीकडे उभे असलेले आतोबा मात्र डोळे पुसत म्हणाले, "पाहिलंत? जागेवरून न हलता तिघांची कोंडी केली पोरानं!"

त्याच संध्याकाळी त्यांनी आमच्या घरी येऊन आईला सांगितले, "वहिनी, याचा सूर मी तयार करणार." आई कीर्तनकाराची मुलगी. तिने देवापुढे साखर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या घशात ज्येष्ठमध आणि तुपातली मिरपूड जाऊ लागली. मी खुलासा केला नाही, कारण खडीसाखरही मिळत असे. पुढे लग्नासाठी कल्याणची मंडळी मला पाहायला आली तेव्हा आईने अभिमानाने माझ्या सुराचे कौतुक केले, आणि मुलीच्या वडिलांनी लगेच एखादे पद म्हणण्याची फर्माईश केली. मी एक आरती म्हटली. ती संपल्यावर ते हळूच म्हणाले, "नोकरी मात्र कायम आहे ना?"

आतोबांची तालीम पहाटे असे, आणि तीही कोपरीच्या मिठागरांत. जिथे लोण पिकते तिथेच सूर घडतो, असे त्यांचे शास्त्र होते. दोन खाचरांमधल्या अरुंद बांधावरून मी धावायचे, पायांकडे पाहायचे नाही, मान वर ठेवून डावी-उजवीकडचे ओरडून सांगायचे. मी ओरडायला तोंड उघडी, आणि उघड्या तोंडाने खाऱ्या पाण्यात पडे. मिठागरावरचा पोशा आगरी हे रोज पाही. शेवटी न राहवून त्याने विचारले, "काय दादा, पोराचा लोनचा घालताव का काय?" आतोबा मात्र कधी रागावले नाहीत. मला बाहेर ओढून काढत ते म्हणत, "पडलास खरा, पण काय मोक्याच्या जागी पडलास रे!" त्या स्तुतीवर मी पुन्हा धावे आणि पुन्हा मोक्याच्या जागी पडे.

शिमगा आला. आतोबांनी संघातल्या सगळ्यांच्या हातापाया पडून मला सूर केले. कल्याणच्या तलावाकाठी मैदानाभोवती ही गर्दी! आतोबा नवे उपरणे घालून पुढे बसले होते. मी सुराच्या पाटीवर आमच्या गड्यांकडे तोंड करून उभा राहिलो. सगळे मैदान डोळ्यांत ठेवले. कल्याणकर आत घुसताच मी जीव खाऊन ओरडलो, "डावीकडे!" माझी डावी बाजू ती त्यांची उजवी, हे मिठागरात कधी लक्षात येण्याचे कारण नव्हते, कारण तिथे माझ्यासमोर कोणी नसेच. आमचे सगळे गडी इमानाने एका बाजूला गेले आणि दुसऱ्या बाजूने कल्याणकर बाजाराला निघाल्यासारखे रमतगमत पार झाले. मी चूक सुधारायला "उजवीकडे!" ओरडलो, तर तोवर आमच्यातल्या हुशारांनी माझे उलटे ऐकायला सुरुवात केली होती. "लोण! लोण!" चहूकडून आरोळ्या उठू लागल्या. आतोबा शेजाऱ्याला सांगत होते, "घाई करू नका. तो त्यांना आत घेतोय." शेवटचा कल्याणकर परत येऊन उपरण्याने वारा घेऊ लागला तरी आतोबांचे चालूच होते, "आत घेतोय तो, आत घेतोय!"

परतताना आमच्यातला एकही गडी माझ्याशी बोलला नाही. संघातून माझे नाव गेले, आणि आतोबांचा शब्दही त्याबरोबर गेला. त्यांना पुन्हा कोणी मैदानात विचारले नाही. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची हाक आली आणि मी गेलो. त्यानंतरही कितीतरी पहाटे आम्ही मिठागरांत जात राहिलो. कुठल्या सामन्यासाठी, ते दोघांनीही कधी विचारले नाही.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसलो होतो. इतकी वर्षे मनात असलेले मी विचारून टाकले, "आतोबा, खरं सांगा, गावात एवढी चपळ पोरं होती. मीच का?"

ते हसले. म्हणाले, "त्यांना मी आधी बोलावलं होतं रे. म्हाताऱ्याच्या हाकेला पहाटे कोण उठतं? तू उठलास." मग म्हणाले, "पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला, तुझ्यानं काही व्हायचं नाही. पण तू यायचास. मग सामना कुणाला पाहिजे होता?"

आता मीही कचेरीतून निवृत्त झालो आहे. अजून पहाटे आपोआप जाग येते. मी उठून बसतो, धोतर सावरतो, आणि मग आठवते की मला कोणी बोलावलेले नाही.