मी शिवलेले पंख

मिलिंद गेल्याचा फोन त्याच्या धाकट्या भावानं केला. मी हळ्ळीखेडच्या माझ्या दुकानात ब्लाऊजला हुक लावत होतो. "दादा गेला, अण्णा. त्येचा फौजेतला शर्ट अंगाला होईना, कैची घिऊन ये." शर्ट म्हटल्यावर हातातलं ब्लाऊज तसंच टाकून मी उठलो.

पॅराट्रूपरच्या छातीवर पंखांचा बिल्ला दिसतो ना, त्यासाठी विमानातून पाच उड्या माराव्या लागतात. चार दिवसा, एक रात्री. मिलिंद हौसेनं आग्र्याला गेला, चार मारल्या. चौथीत जमिनीवर टेकताना गुडघा मोडला आणि त्याला जुन्या पलटणीत परत पाठवलं. इकडे त्याच्या गावात, दुबलगुंडीत, मायनं कधीचं गावभर सांगून टाकलेलं, लेक पंख लावून येणार म्हणून. सुट्टीला आला तो लंगडत, घरी जायच्या आधी माझ्याकडे. शाळेपासूनचा दोस्त. खडूनं कापडावर पॅराशूटची छत्री काढली, दोन्ही बाजूंना पंख. "एवढं शिवून दे." मी म्हटलं, "आरं, चालतंय का हे?" तर म्हणाला, "भाईर घालत न्हाई. फकस्त मायला दावतो." मी हातानं शिवला. सांगायला लाज वाटते, पण तेवढं सुबक काम मी पुन्हा केलं नाही.

मायनं बिल्ल्यावरून बोट फिरवलं आणि शर्ट ट्रंकेत ठेवला. बायका बघायला आल्या तर "मळंल" म्हणून दाखवलाही नाही. मिलिंद निवृत्त होऊन गावात आला. दर सव्वीस जानेवारीला शाळा त्याला वर्दीत बोलवायची, त्याचं दरवेळी काहीतरी दुखायचं. लोक म्हणत, लई गर्व आलाय. भरतीची तयारी करणारी पोरं रात्रीची उडी कशी असते विचारायची, आणि हा चहा संपवून उठायचा. मी थट्टा करायचो, "चार तरी मारल्यास की. मला माळ्यावरून उतरताना घाम फुटतो." तो हसायचा नाही. गेल्या वर्षी म्हणाला, "चल, मायला सांगून टाकतो. तू तेवढं उसव." मीच म्हटलं, "म्हातारीला आता कामून तरास? तिच्या माघारी उसवू." तिच्या आधी तोच गेला...

त्यांच्या घरी पोचलो, आणि अंगावर चढावा म्हणून शर्ट मांडीवर घेऊन त्याची पाठ उभी चिरली. मग कैची बिल्ल्यापाशी अडली. खोलीत मी आणि माय दोघंच.

"काढ त्यो," माय म्हणाली.

"माय, त्यो बिल्ला..."

"जलमभर तुझ्या हातचे ब्लाऊज घालायले मी. तुझा टाका वळखू येत न्हाई व्हय मला?"

मग बोलली का नाहीस, असं मी कसंबसं विचारलं.

"लेकरू लंगडत आलतं. मला खुश करायलंय, कामून मोडू म्हणलं. मग वाट बघत ऱ्हायले, कवातरी आपल्या तोंडानं सांगंल... त्याला शिव्या न्हाई देणार होते मी."

मी एकेक टाका उसवला. मिलिंद बिनबिल्ल्याचा गेला, त्याला हवं होतं तसा. बिल्ला माझ्या दुकानात सुयांच्या डब्यात पडून आहे, फेकवत नाही. माय महिन्या-दोन महिन्यांनी कापड घेऊन येते, माप देते, बसते. तो सांगायला निघाला होता आणि मी त्याला अडवलं, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.