मामांना दाखवायच्या पेशी

इनक्यूबेटरचं दार नीट न लावता मी घरी गेलो आणि सकाळपर्यंत रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या, तीन आठवडे वाढवलेल्या पेशी मेल्या. मॅडम भडकल्या, तेव्हा प्रयोगशाळेत बाटल्या धुणारे मामा पुढे झाले. "दार माझ्याकडून राहिलं." एवढा शिकलेला मी, गप्प उभा.

नंतर मामा म्हणाले, "नव्या पेशी वाढल्या की एकदा मायक्रोस्कोपमधून दाखव. बावीस वर्षं त्यांच्या बाटल्या धुतोय, तोंड पाहिलं नाही."

"दाखवतो की!" म्हणत मी शहाणपणा पाजळला. हृदयावर ताण आला की ते एक संप्रेरक सोडतं. ते या पेशींपर्यंत पोचतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयाचं ओझं हलकं होतं.

"आणि कुणी ऐकलंच नाही तर?"

"मग हृदय आणखी सोडतं. ओरडतच राहतं म्हणा ना."

"आमच्या हिच्यासारखं! दवाखान्यात जा म्हणून रोज ओरडते."

आम्ही दोघंही हसलो. मामांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. त्यावरून मी त्यांना 'गजराज' म्हणायचो.

नव्या पेशी तयार झाल्या, त्याच आठवड्यात मामा गेले. मामी कपाटाची किल्ली परत द्यायला आल्या. सोबत दवाखान्याचा कागद होता. हृदयाच्या ज्या संप्रेरकावर माझा प्रबंध चाललाय, ते मामांच्या रक्तात नेहमीच्या दहापट निघालं होतं.

मी बाटली मायक्रोस्कोपखाली ठेवली. "मामी, बघता?"

"मला नको रे. त्यांना दाखवणार होतास ना?"