काय तरास न्हाय

माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याबद्दल सगळ्यात जास्त चुकीची माहिती कोणी गोळा केली असेल तर ती मी. तीही रीतसर, छापील फॉर्मवर, सही-तारखेसकट.

बेळगावच्या एका हॉस्पिटलात हाडांच्या विभागात मी संशोधन सहायक आहे. खुबा किंवा गुडघा बदललेल्या पेशंटांना सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं फोन करायचा आणि ठरलेले प्रश्न विचारायचे, हे माझं काम. जिना चढताना किती दुखतं, झोपेत दुखण्यानं जाग येते का, खुर्चीवरून उठताना आधार लागतो का. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, आणि शून्य म्हणजे अजिबात त्रास नाही. सांधा नीट बसला की नाही हे डॉक्टरांना एक्सरेत दिसतं, पण त्या सांध्यानं माणसाला काय मिळालं हे त्या माणसालाच विचारावं लागतं. हा विचार मला फार आवडायचा. अजूनही आवडतो, म्हणून तर चीड येते.

मूळ फॉर्म इंग्रजीत होता. मराठी मी केलं, कन्नड माझ्या बरोबरीच्या मैत्रिणीनं. बाथटबमधून बाहेर येताना त्रास होतो का, असा एक प्रश्न होता. आम्ही दोघी पोट धरून हसलो आणि तिथं मोरीतल्या पाटावरून उठणं घातलं. फोनवरचे नियमही मीच लिहून काढले. उत्तर पेशंटच्याच तोंडून घ्यायचं, घरच्या कोणाचंही धरायचं नाही. याला कारण चिकोडीकडचे एक शेतकरी आप्पा. मी त्यांना काहीही विचारलं की मागून त्यांचा मुलगाच सांगायचा, फर्स्टक्लास हाय म्हणून लिवा. आप्पा गप्प. त्या फॉर्मच्या कडेला मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं की हे उत्तर खरं वाटत नाही. दुसऱ्याच्या आईबापांच्या बाबतीत मी भलतीच हुशार होते.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मी पाळण्यात होते तेव्हापासून ते मला नोकरी लागेपर्यंत, दिवसभर उकिडवं बसून तंबाखू चाळायचा आणि निवडायचा. गुडघे तिथंच गेले. डॉक्टर झीज म्हणायचे, आई म्हणायची वंगाण संपलं. त्या गुडघ्यांवर मी एम.एस्सी. झाले, हे मला कोणी सांगायला नको.

ऑपरेशन तिला नको होतं. मीच हट्ट धरला. शेवटी ती एका गोष्टीसाठी तयार झाली. दोन वर्षं तिला बाजार दिसला नव्हता. आठवड्याच्या बाजारातून शेजारची मावशी तिच्यासाठी भाजी आणायची, आणि दुसऱ्यानं निवडलेल्या मिरच्या आईला कधी पसंत पडल्या नाहीत. स्वतःच्या पायांनी बाजारात जायचं आणि स्वतःच्या हातानं मिरची निवडून घ्यायची, एवढंच तिचं मागणं होतं. मी शब्द दिला.

ऑपरेशन आमच्याच विभागात झालं आणि चांगलं झालं. डॉक्टर मला म्हणाले, आईचा फॉर्म तू भरू नकोस, मैत्रिणीकडे दे. मी म्हटलं, सर, ती माझ्याजवळच खरं बोलेल. ते घाईत होते, बरं म्हणाले.

सहा आठवड्यांच्या फोनला ती खरंच बरी होती. तीन महिन्यांच्या फोनला ती मला प्रश्न पुरा करू देईना. जिना? आपल्या घरात कुठला आलाय जिना. झोप? गाढ. मोरीतून उठणं? उठती की. शेवटी म्हणाली, "काय तरास न्हाय, लिव तसं." मला हसू आलं. तिची भाषा, तिची घाई, सगळं ओळखीचं, आणि मी शून्यापुढे शून्य मांडत गेले. सहा महिन्यांच्या फॉर्मवर तर सगळीच शून्यं. बाजाराचं विचारलं तर म्हणाली, जाती की गं.

मधल्या काळात मी दोनदा निपाणीला जाऊन आले. दोन्ही वेळा आई दारातच खुर्चीवर बसलेली होती, अंगावर नवं लुगडं, पावलांपर्यंत नीट ओढलेलं. मी निघेपर्यंत ती उठली नाही. चहा मावशीनं केला. मला वाटलं, चला, आईला आयतं बसून घ्यायची सवय लागली एकदाची. परत येऊन ऑपरेशनला घाबरलेल्या बायकांना मी आईची गोष्ट सांगायची. बघा, माझी आई बाजारात जाते.

आठव्या महिन्यात मावशीचा फोन आला. आत्ताच्या आत्ता ये, एवढंच ती म्हणाली. मी पोचले तेव्हा आई पलंगावर होती, अंगात ताप. लुगडं वर सारलं तर गुडघा सुजून टरटरलेला, हाताला गरम, आणि टाक्यांच्या व्रणाच्या खालच्या टोकाला बारीक भोक. त्यातून पू येत होता. त्यावर हळद लावून जुन्या चोळीची चिंधी बांधलेली. किती दिवस झाले म्हणून विचारलं तर आईनं लुगडं परत गुडघ्यावर ओढलं. मावशी म्हणाली, पाच महिने दुखतंय, आणि हे भोक पडून महिना झाला. म्हणजे मी तीन महिन्यांचा फॉर्म भरत होते तेव्हाच दुखायला लागलं होतं.

मी मावशीवरच चिडले. मला आधी का नाही सांगितलंस, म्हणाले. मावशी आईबरोबर वखारीत होती. ती म्हणाली,

"तुला कोण सांगणार? तू कागद घिऊन इचारतीस. कागदाफुडं आमी कंदी खरं बोललोय व्हय?"

मग तिनं वखारीतली एक गोष्ट सांगितली. वर्षातून एकदा सरकारी साहेब यायचे, हातात कागद. धुळीचा त्रास होतो का, पाणी आहे का, कोणाची काही तक्रार. मागं मुकादम उभा. सगळ्या बायका एका सुरात म्हणायच्या, काय तरास न्हाय. एकदा एकीनं खोकला होतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचं नाव कमी केलं. तेव्हापासून कागद दिसला की हेच उत्तर. मी लहानपणापासून त्या घरात वाढले, त्याच तंबाखूच्या वासात, आणि हे मला कधी कळलं नव्हतं. कळून घ्यायची गरज पडली नव्हती, असं म्हणणं जास्त खरं होईल.

डॉक्टरांनी फार बोलून दाखवलं नाही. लवकर कळलं असतं तर आतून धुऊन सांधा वाचवायचा प्रयत्न करता आला असता, इतकंच म्हणाले. आता जंतू हाडापर्यंत गेले होते. सांधा काढावा लागला. मग कित्येक आठवडे सलाइनमधून औषधं, आणि त्यानंतर आणखी एक ऑपरेशन. नवा सांधा टिकेल अशी हाडाची अवस्था राहिली नव्हती, म्हणून आत सळई घालून मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना जोडून टाकलं. तो पाय आता काठीसारखा सरळ असतो. कधीच वाकणार नाही. आई घरी आली आणि दारातल्या खुर्चीवर बसली, पाय समोर स्टुलावर. रस्त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला वळसा घालावा लागतो.

मी डॉक्टरांकडे जाऊन आईचे दोन फॉर्म बदलायची परवानगी मागितली. त्यांनी समजावून सांगितलं की जंतुसंसर्गाची नोंद वेगळ्या रकान्यात झालेली आहे, पण भरलेली उत्तरं तशीच राहणार. पेशंट त्या दिवशी जे बोलला ते आपण लिहिलं. आपल्याला आवडलं नाही म्हणून ते खोडता येत नाही. त्यांचं बरोबर होतं. तिची ती शून्यं आमच्या कामात कायमची राहिली.

सांधा काढला तरी वर्षाचा फोन नियमानं होतोच. या वेळी तो मैत्रिणीनं केला. मी रजा काढून त्याच सकाळी हॉस्पिटलातून थेट घरी आले होते, आईच्या शेजारीच बसले होते. फोन यायच्या आधी मी तिला हज्जारदा सांगितलं होतं, खरं सांग, तुला कोणी काही करणार नाही. तिनं मान हलवली होती. त्या सकाळी दुखणं इतकं होतं की स्टुलावरचा पाय मी दोन्ही हातांनी उचलून सरकवला तेव्हा तिनं पदर दातात धरला होता.

मैत्रिणीनं पहिला प्रश्न विचारला. दुखणं किती? आईनं माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाली, न्हाय. दुसरा प्रश्न. न्हाय. मोरीतून उठताना? उठती की. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि मैत्रिणीला म्हटलं, थांब, मी सांगते, तू लिही. ती हळूच म्हणाली की घरच्यांचं उत्तर धरायचं नाही, तूच लिहून ठेवलंयस. आवाजावरून वाटलं, तिला रडू येत होतं. मी फोन आईला परत दिला. राहिलेल्या सगळ्या प्रश्नांना आईनं तेच उत्तर दिलं, आणि शेवटी मैत्रिणीला, जेवलीस का बाई, म्हणून विचारलं.

फोन ठेवल्यावर मी रडले नाही, भांडले. का खोटं बोललीस, म्हटलं. आता तुझं काय जाणार आहे? पाय तर गेला.

माझ्या गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र होतं, घाईत काढायचं राहून गेलेलं. आईनं ते हातात घेऊन सरळ केलं.

"माझं काय जातंय?" ती म्हणाली. "पर तुज्या सायबानं केल्यालं ऑपरेशन हाय. मी दुकतंय म्हणलं तर पयलं नाव तुजंच कमी करतील."