सण आला की नाव बदलायचं

मशीनला जोडलेला माणूस दुसरं करणार काय? एका हातात सुया, तो हात हलवायचा नाही. दुसऱ्या हातात मोबाइल. छताकडं बघून बघून किती बघणार? त्यामुळं आमच्या डायलिसिसच्या ग्रुपवर किस्से साठत जातात. घरी सांगायची सोय नाही. घरचे हसायच्या आधीच डोळे पुसायला लागतात. म्हणून तुम्हाला सांगते.

ग्रुप ज्या ॲपवर आहे तिथं नंबर दिसत नाही, आपण ठेवू तेच नाव दिसतं. नांदेड-लातूरकडचे बरेच जण त्यात आहेत, पण रोज बोलणारे आम्ही चौघंच. मी नांदेडची, शाळेत शिकवते, म्हणून सगळ्यांची मॅडम. निलंग्याचे गोविंदकाका, गुळाचे व्यापारी. उदगीरचे युसूफभाई, गाड्यांचं वायरिंग करणारे. आणि चाकूरची सुनीता, आमच्यात सगळ्यात लहान, एस.टी.नं लातूरला येऊन डायलिसिस करून परत जाणारी. चौघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. दुखणं मात्र सारखंच. पाणी मोजून प्यायचं, पोटॅशियम वाढतं म्हणून केळं नाही, नारळपाणी नाही, सुकामेवा नाही, गूळ तर नाहीच.

नावांचा खेळ काकांनी सुरू केला. पोळ्याचा दिवस होता आणि माझा मशीनवर नंबर होता. मोबाइल उघडला तर ग्रुपवर एक नवीनच माणूस: "बैलाला सुट्टी, मला नाही."

मी विचारलं, "आपण कोण?"

"मॅडम, मी गोविंद निलंगेकर. आज गावात समद्या बैलांच्या गळ्यातली दोरी सुटली. माझ्या हाताची नळी काय सुटंना."

मी हसले तशी सिस्टर धावत आली. तिला वाटलं, मला थंडी वाजून आली. त्या दिवसापासून ठरलं, सण आला की नाव बदलायचं.

* * *

संक्रांतीला काकांचं नाव होतं, "तिळगूळ द्या, घेऊ नका."

गुळाच्या माणसाला गूळ बंद म्हणजे काय, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दुकानात सणाची गर्दी, चहूकडं ढेपा, आणि काका मधोमध. दुपारी त्यांनी लिहिलं, "गिऱ्हाईक इच्यारायलंय, काका, यंदाचा गूळ गोड हाय का? पन्नास वर्षं हाव म्हणत आलो. आज म्हणलं, बाबा, तूच खा आन् मला सांग."

"मग काय म्हणाला?" मी विचारलं.

"लई गोड हाय म्हणला. माझ्यासमोर उभा राहून अर्धा खडा खाल्ला त्यानं. मी बघत बसलो."

मग काकांनीच लिहिलं, "खरंच गोड असंल. त्याच्या तोंडावरून दिसत व्हतं."

* * *

रमजानमध्ये युसूफभाई गप्प गप्प असायचे. लहानपणापासून त्यांचा एक रोजा चुकला नव्हता आणि त्या वर्षी डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं होतं. घरात सगळे रोजेदार आणि आपण एकट्यानं दुपारी गोळ्यांसाठी खायचं, याची त्यांना लाज वाटायची. दुकानाचं शटर अर्धं ओढून, आत पाठ करून ते जेवायचे. त्यांनी नाव ठेवलं होतं, "बिनरोजेदार."

काकांना ते आवडलं नाही. "युसूफभाई, घोटभर पाण्यावर दिवस काढता. बाराही महिने. वरच्याला काय दिसत न्हाई का?"

संध्याकाळी बघितलं तर युसूफभाईंचं नाव बदललेलं होतं: "बारमाही रोजेदार."

ईदला त्यांच्या बायकोनं त्यांच्यासमोर वाटीत दोन चमचे शीरखुर्मा ठेवला. खारीक, बदाम, पिस्ते सगळे काढून. युसूफभाईंनी घरातल्या मोठ्या पातेल्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "असा असतो. माझ्या वाटीत नुसतं दूध आहे."

सुनीतानं लिहिलं, "फोटोत पोटॅशियम नसतं, भाईजान. पोटभर बघा."

* * *

ही सुनीता म्हणजे ग्रुपची जान. तिची आई तिला किडनी द्यायला तयार होती. तपासण्या चालू होत्या. आईनं गावात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, माझी पोरगी आता बरी होणार.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी कळलं, जुळत नाही.

पौर्णिमेला विहारात खीर वाटली. सुनीतानं नाव ठेवलं, "खिरीचा एकच चमचा." आम्हाला काही माहीत नव्हतं, आम्ही आपले हसलो. संध्याकाळी तिनं सगळं सांगितलं. आईनं खिरीची वाटी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. म्हणाली, "माझं तुझ्या काही कामाला आलं न्हाई. मी कशाला खाऊ?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हणलं, आई, तुझ्या दोन्ही चांगल्या हायेत. आपल्या घरात एकीनं तरी पोटभर खावं का न्हाई?"

"खाल्ली का त्यांनी?"

"खाल्ली. रडत रडत खाल्ली. माझा एक चमचा पण तिनंच खाल्ला."

* * *

पितृपक्षात नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तो काय सण आहे? पण सकाळी बघते तर काकांचं नाव: "माझं पान इतक्यात नको."

मला राग आला. त्याच महिन्यात लातूरचा आमच्यातला एक जण गेला होता. मी लिहिलं, "काका, हे आधी बदला. सगळ्याचीच थट्टा करायची नसते."

"मॅडम, हा बी सणच हाय की. समदे येतेत, जेवायला मिळतंय."

युसूफभाईंनी नुसते हात जोडलेले पाठवले. तेवढ्यात सुनीता आली.

"काका, पितरांना पथ्य नसतंय म्हणे. गूळ, पुरी, खीर, काय पण चालतंय."

काकांनी लिहिलं,

"आसं हाय व्हय? मग जरा इचार करावा लागंल."

त्या दिवशी मी मशीनवर हसता हसता रडले. सिस्टरनं विचारलं तर सुई दुखती म्हणाले.

* * *

यंदा होळीला काकांनी नाव ठेवलं, "गाठी गळ्यातच." आमच्याकडं होळीला लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठी घालतात. काकांना नातवाच्या गळ्यातली गाठी तेवढी बघायला मिळायची.

दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, दुपारी मेसेज आला. पाठवणारा: गाठी गळ्यातच. मेसेज: "पप्पा सकाळी गेले."

क्षणभर काही कळेना. काका स्वतःला पप्पा कशाला म्हणतील? मग लक्षात आलं, फोन मुलाच्या हातात आहे.

तेराव्याला आम्ही तिघांनी जायचं ठरवलं. मी नांदेडहून एस.टी.नं निघाले. चाकूरला एक बारीक पोरगी गाडीत चढली आणि सीट शोधायला लागली. तिच्या दंडावर माझ्यासारखीच डायलिसिसची फुगलेली शीर होती. मी सरकून जागा केली. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "मॅडम ना?" निलंग्याच्या स्टँडवर युसूफभाई टोपी हातात घेऊन उभे होते.

घरात पाव्हण्यांची गर्दी. मुलानं विचारलं, "आपण कुठले?" युसूफभाई म्हणाले, "मोबाइलवरचे. डायलिसिसचे." त्यानं आम्हाला आतल्या खोलीत नेलं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. आमच्याकडं त्यांनी एकेक करून बघितलं.

"तुमच्यातली सुनीता कोन?"

सुनीता पुढं सरकली.

"धुळवडीला सकाळी फोन बघून लई हसले. मी चुलीपाशी व्हते. म्हणलं, काय झालं? तर म्हणले, सुनीतानं काय नाव ठिवलं बघ. थांब, येऊन सांगतो. आन् उठता उठता पडले." काकूंनी सुनीताचा हात धरला. "काय ठिवलं व्हतं गं?"

सुनीतानं माझ्याकडं बघितलं. खोलीत बाकीच्या बायका होत्या. सगळ्या ऐकायला लागल्या.

ती अगदी हळू म्हणाली, "पिचकारी तोंडात नको."

"यवढंच?"

"हाव, काकू. यवढंच. आमचं पाणी मोजून असतंय ना, म्हणून."

काकू दाराकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत म्हण."

सुनीता परत म्हणाली. काकूंनी पदर तोंडावर ओढला. त्यांचे खांदे हलायला लागले, आधी थोडे, मग जोरात. बायका जवळ सरकल्या. मुलगा बाहेरून धावत आला, आईसमोर बसला आणि म्हणाला, "आई, रडू नको. आई, बघ माझ्याकडं."

काकूंनी पदर बाजूला केला. त्या रडत नव्हत्या.