दाढेने ओल सांगणारा माणूस

आमच्या कारखान्यात गरजेपेक्षा जास्तीच्या मक्यापासून आणि तांदळाच्या कणीपासून इथेनॉल बनतं आणि पेट्रोलमध्ये मिसळून गाड्यांत जातं. ट्रक फाटकावर आला की नमुना तपासायचं काम एका म्हाताऱ्याचं. सगळे त्यांना दातकाका म्हणत. ते दाणा दाढेखाली धरत. कट्कन फुटला तर कोरडा, दबला तर ओला. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते हसत, "माझं सव्वीस वर्षं दातांवरच भरतंय, साहेब."

मी गोदामप्रमुख. दोन वर्षांपूर्वी ओलावा मोजायचं यंत्र आलं, ते माझ्या ताब्यात. त्यावर धान्य निवडायचं बटण असतं. या हंगामात एका सकाळी मी तांदळाची कणी मोजली. दुपारी मका आला, तरी बटण कणीवरच राहिलं. यंत्राने तेरा टक्के दाखवले, म्हणजे मका कोरडा.

काकांनी दाणा चावून मान हलवली. "ओला आहे हा. सतराच्या खाली नाही."

"यंत्र खोटं बोलतंय का, काका?"

"यंत्रातलं मला काय कळतंय? दाढ सांगते ते सांगितलं."

"दाढेचं वय काय आता?" मी म्हणालो. हमाल हसले. काकाही हसले आणि मी पुढे केलेल्या, मका कोरडा असल्याच्या चिठ्ठीवर त्यांनी सही केली.

नवव्या दिवशी तो मका भरलेल्या कोठीतून वाफ येऊ लागली. आतला मका तापून काळा पडला होता. मी आधी यंत्र काढलं, बटण मक्यावर फिरवलं आणि मग कोठी बघायला गेलो.

व्यवस्थापकांनी चिठ्ठी मागवली. सही काकांची. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून काका भुशाच्या शेडमध्ये झाडू मारू लागले.

महिन्याभराने मी शेडमध्ये गेलो. "काका, त्या दिवशी बटण माझ्याकडून..."

"बटण फिरवताना हमालांनी पाहिलं तुम्हाला. दुसऱ्याच दिवशी सांगितलं मला," ते झाडू न थांबवता म्हणाले. "चूक कुणाचीही होते. तुम्ही बोलाल असं वाटलं, म्हणून मी गप्प बसलो."

"आत्ता जाऊन सांगतो."

"सांगा की. मी कधी नको म्हटलं?"

मी सगळं क्रमवार लिहून काढलं, तारीख घातली, सही केली. त्याला बारा दिवस झाले. माझ्या निवृत्तीला तीन महिने उरलेत आणि तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.