दसऱ्याचा ठिपका

"मधनं भाईर पुसायचं, सर. गोल न्हाय फिरवायचं." डिस्कच्या कडा दोन बोटांत धरून, ती खिडकीच्या उजेडात तिरकी करून काका मला हे दर रविवारी सांगत. हातात जुन्या धोतराचा मऊ तुकडा असे. तो दर शनिवारी धुतला जाई.

चिंचोळीच्या एमआयडीसीतली फिटरची नोकरी संपवून ते जुळे सोलापुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. टीव्हीखाली त्यांनी स्वतः जुळवलेला काळा कॉम्प्युटर होता. त्याला काम एकच, ब्ल्यू-रे डिस्क दाखवायचं; दिसायला सीडीसारखीच, पण चित्र कितीतरी स्वच्छ. त्यावर जरा मेल बघू का म्हणून मी एकदा विचारलं, तर देव्हाऱ्यात चप्पल ठेवू का असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रविवारी दुपारी आम्हाला सिनेमाचं बोलावणं असे. आवाज नको म्हणून पंखा एकवर. फोनवर सगळं मिळतं की हो, असं मी चिडवलं की ते म्हणत, "फोनवर दिसतंय, सर. हितं बघायला मिळतंय." असा एखादा हट्टी माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. त्याची थट्टा जरूर करा, पण बोलावलं की जात जा.

सगळ्या डिस्कांत त्यांच्या जिवाची एकच, लेकीच्या लग्नाची. फोटोग्राफरच्या मागे लागून त्यांनी ती ब्ल्यू-रेवर करून घेतली होती. पुढे तो दुकान बंद करून गाव सोडून गेला. प्रत तेवढी एकच राहिली.

एका दसऱ्याला काका झेंडू आणायला बाहेर पडले आणि काकूंनी पूजेचं ताट घेतलं. स्कूटरला, मिक्सरला, कॉम्प्युटरला कुंकू लावून झालं. टेबलावर ती डिस्क होती. काकूंनी ती उलटी केली आणि चकचकीत बाजूवर कडेजवळ कुंकवाचं बोट टेकवलं. काका परत आले ते कपाळाला हात लावूनच बसले. कॉम्प्युटर वाचतो ती हीच बाजू, नाव लिहिलेल्या बाजूला लावायचं होतं, असं ते सांगत राहिले.

"चकाकतं ते तोंड की," काकू म्हणाल्या. "कुंकू काय पाठीला लावत्यात व्हय?"

तेव्हापासून लग्न पाठवणीपर्यंत सुरळीत चाले. मांडवाच्या दारात काकू वळत, काही बोलायला तोंड उघडत आणि नेमकं तिथे चित्र गोठे. काकांनी फडकं उचललं, तर काकूंनी हात धरला. "दसऱ्याचं हाय ते, पुसू नका. जाईल आपोआप. मी हितं उभी हाय, तितं काय बघताय?" आम्ही सगळे हसलो.

पुढचा दसरा काकूंनी पाहिला नाही. ताप आला, दवाखाना झाला आणि आठ दिवसांत सगळं संपलं.

त्यानंतर काका तीच डिस्क लावत. चित्र गोठलं तरी उठत नसत, त्या अर्धवट उघडलेल्या तोंडाकडे बघत बसत. न राहवून मी म्हणालो, "काका, पुसून टाका. काकू बोलतील."

"बोट हाय तिचं ते, सर." थोड्या वेळाने म्हणाले, "पण ती काय म्हणली हुती, तेच आता आठवंना झालंय. लई आठवून बघतो."

एका रविवारी त्यांनी डिस्क आणि फडकं माझ्या हातात दिलं. "तुमी पुसा."

मी डिस्क उजेडात धरली. ठिपक्यात बोटाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. माझाही हात चालला नाही. मी ती तशीच परत दिली, आणि चुकलो की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात काकाही गेले. लेक घर आवरायला आली. कॉम्प्युटर कसा लावायचा ते दाखवायला तिने मला वर बोलावलं. मी लग्नाच्या डिस्कचा डबा उघडला. डिस्क लख्ख होती. झाकणात धोतराचा एक तुकडा घडी करून ठेवला होता, मधोमध लाल डाग. दर शनिवारी फडकं धुणाऱ्या माणसाने तो तुकडा धुतला नव्हता.

त्यांनी कधी पुसलं, त्यानंतर किती वेळा बघितलं, मला काहीच ठाऊक नाही. मी खालच्या मजल्यावरच होतो. मला हाक मारली असती तर बरं वाटलं असतं.

आम्ही डिस्क लावली. सवयीने मी पंखा एकवर केला. पाठवणी आली. काकू मांडवाच्या दारात वळल्या आणि या वेळी चित्र थांबलं नाही. बाजूला काका टॉवेलात तोंड लपवून उभे होते. काकू त्यांना म्हणाल्या, "अवो, रडताय कशाला? मी हाय की घरात."

सामान निघालेल्या त्या खोलीत आवाज मोठा वाटला.

"मागं घ्या की, सर," लेक म्हणाली. "परत एकदा."

मी मागे घेतलं. काकू पुन्हा दारात वळल्या.